न मारलेला ठसा

रुएडी एश्लिमान फोनवर कधी कुजबुजत नाही. चाळीस वर्षं त्याने लोकांचे दात काढले, त्यामुळे समोरच्याला बोलू न देता आपण मोठ्याने बोलायची त्याला सवय. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता.

"एर्न्स्ट, एकोणीसशेच्या मॉडेलचं पिस्तूल. मुठीची लाकडं मूळची. मॅगझीनचं बूड लाकडी. चापाचा गवती पिवळा रंगसुद्धा शाबूत. आणि ऐक, पी नाही."

"पी नाही म्हणजे घासून काढलाय."

"फोटोत तसं दिसत नाही."

"फोटोत माझ्या सुरकुत्याही दिसत नाहीत. म्हणून मी तरुण झालो का?"

"उद्या दहाला न्यायला येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

आमच्याकडे सैन्यातली सेवा संपली की अधिकाऱ्याला त्याचं पिस्तूल घरी ठेवता येतं. त्याआधी शस्त्रागारात त्यावर पी हे अक्षर ठोकतात. म्हणजे आता ते सरकारी नाही, खाजगी. ते अक्षर नसलेलं जुनं पिस्तूल कुणाच्या कपाटात निघालं, तर संग्राहकाच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक तर जास्त अस्सल दिसावं म्हणून कुणीतरी पी घासून टाकलाय, नाहीतर पिस्तूल अजून सरकारचंच आहे आणि कुणीतरी ते उचलून आणलंय. पहिल्या गोष्टीत लबाडी, दुसऱ्या गोष्टीत चोरी.

मी शस्त्रागारात एकतीस वर्षं काम केलं. पहिली सहा वर्षं हा ठसा ठोकायचं काम माझंच होतं. म्हणून रुएडी आणि त्याच्यासारखे पाच-सहा जण पिस्तूल घेण्याआधी मला सोबत नेतात. मी मान हलवली की घेतात, नाही हलवली की आभार मानून उठतात. या भागात माझ्या शब्दाला एवढी किंमत होती.

सकाळी धुकं होतं. नदीच्या बाजूने जाताना रुएडी सारखा आरशात बघत होता, जणू मागून कुणी दुसरा संग्राहक येतोय.

"बाई किमतीचं बोलतच नाही," तो म्हणाला. "मी तीनदा विचारलं. म्हणते, आधी या आणि बघा. मला हे आवडलं नाही. माझ्याकडे जो पेशंट 'काही दुखत नाही' म्हणत यायचा ना, त्याचाच दात मुळापासून कुजलेला असायचा."

"नाव काय तिचं?"

"श्यूपबाख. आनेलीस श्यूपबाख. आउसरबाखमध्ये राहते. घर रिकामं करतेय, वृद्धाश्रमात जाणार आहे."

श्यूपबाख नावाचं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. आउसरबाख हे नाव ऐकून मात्र मी खिडकीबाहेर बघायला लागलो. त्या गावात मी सत्तावन्न वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

बाई सत्तरीची. ताठ. दारातच तिने आम्हा दोघांचे हात हातात घेऊन नीट निरखले, जसं काही हातच चोरी करतात. रुएडीने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि हा एर्न्स्ट. शस्त्रागारात होता. याच्यापासून काही लपत नाही."

"बघू," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती. टेबलावर वेणीसारखा वळलेला पाव, लोणी, कॉफी. आणि टेबलाच्या तिच्या बाजूला, घडी घातलेल्या पंच्यावर पिस्तूल. आमच्या दोघांच्या बशा मुद्दाम पलीकडच्या टोकाला मांडलेल्या.

"आधी रिकामं आहे ते दाखवा," मी म्हटलं.

तिने सराईत हाताने वरच्या दोन चकत्या धरून मागे ओढल्या. सांधा गुडघ्यासारखा वर वाकला. आतली रिकामी जागा तिने आधी रुएडीला दाखवली, मग मला.

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. मी नऊ वर्षांची होते."

रुएडीने परवानगी मागितली. आमच्यात दुसऱ्याचं पिस्तूल न विचारता कुणी उचलत नाही आणि खाली ठेवताना आपल्या बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसून ठेवतो. तिने मान हलवली पण पंच्याची कड सोडली नाही. रुएडीने खिशातून दातांचा छोटा आरसा काढला, बारीक दिवा काढला आणि नळीत, सांध्याखाली, मॅगझीनच्या खाचेत असा बघत बसला की मला वाटलं, आता 'आ करा' म्हणेल.

"नंबर सगळे जुळतात," तो हळूच म्हणाला. "अगदी बारक्या भागांवरचे शेवटचे दोन आकडेसुद्धा. एर्न्स्ट, हे बघ, वर कोरलेल्या सरकारी क्रॉसच्या भोवतीचे किरण. कालच कोरल्यासारखे. मला हे जास्तच चांगलं वाटतंय."

"जास्त चांगलं असणं हा काय गुन्हा आहे?" बाई म्हणाली.

"पिस्तुलाच्या बाबतीत, फ्राउ श्यूपबाख, बहुतेक वेळा हो."

मग मी घेतलं. सांगाड्याच्या डाव्या अंगावर, जिथे पी असायला हवा, तिथे मी खिडकीकडे तिरकं धरून बघितलं. घासलेलं लोखंड खोटं बोलू शकत नाही. तिथे उथळ बशीसारखा खळगा पडतो, जवळच्या आकड्यांच्या कडा बोथट होतात, वरची निळी झाक तेवढ्या जागेत नवी आणि एकसारखी दिसते. इथे खळगा नव्हता. आकडे धारदार होते. चामड्याच्या म्यानात घासून झाक जिथे विरायला हवी, तिथे विरली होती. मी नख फिरवलं. नख कुठेच अडखळलं नाही.

"इथला ठसा कुणी काढलेला नाही," मी म्हटलं. "इथे तो कधी मारलाच नव्हता."

रुएडी मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच गेला. "म्हणजे मग दुसरी गोष्ट," तो म्हणाला.

"हो. दुसरी गोष्ट," बाई म्हणाली. "त्याचसाठी बोलावलंय तुम्हाला. विकायचं की नाही ते मी नंतर ठरवेन. माझे वडील चोर होते का, तेवढं सांगा."

रुएडीने आरसा खिशात ठेवला.

"कॅप्टन आल्फ्रेड वेल्टी," ती म्हणाली. "इथल्या शाळेचे मास्तर. नेमबाजांच्या क्लबचे अध्यक्ष. अठ्ठावन्नच्या शरद ऋतूत सेवा संपवून हे पिस्तूल घेऊन घरी आले. पाच वर्षांनी शस्त्रागाराचं पत्र आलं, की नोंदवहीप्रमाणे हे पिस्तूल दिलेलंच नाही, तुमच्याकडे कसं? तिथला साहेब स्वतः आला. त्याने बघितलं, पी नाही. तो साहेब बाबांचा विद्यार्थी होता. त्याने प्रकरण मिटवून टाकलं आणि पिस्तूल इथेच सोडून गेला. तेच वाईट झालं. गाव म्हणालं, विद्यार्थ्याने मास्तरला वाचवलं. शुक्रवारी बेरेन खानावळीत क्लबच्या टेबलावर बाबा जाऊन बसले की लोक खुर्च्या जरा सरकवून घ्यायचे. कुणी काही बोललं नाही कधी. फक्त खुर्च्या. बाबांनी जाणं सोडलं. चार वर्षांनी वारले."

माझ्या हातातलं फडकं मुठीवरच थांबलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"त्यांनी काही सांगितलं नाही? कसं मिळालं वगैरे?" रुएडीने विचारलं.

"म्हणाले, मला दिलं म्हणून मी आणलं. कुणी दिलं? सांगणार नाही." तिने कॉफीचा घोट घेतला. "आणि एक सांगते. पिस्तूल आणलं त्याच महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी शाळेत यायचं. तेव्हा आम्ही शाळेच्या वर राहायचो, या घरात दोनेक वर्षांनी आलो. बाबा मला वरच थांब म्हणायचे. खाली दार लागायचं, जड बुटांचा आवाज यायचा आणि तास-दीड तास कुजबुज. दीड वर्षं हे चाललं, मग बंद. तो माणूस यात होता. दोघांनी मिळून काय केलं देव जाणे, पण तो सुटला आणि बाबा अडकले. सत्तावन्न वर्षं मी त्या बुटांचा आवाज विसरले नाही."

रुएडीने हळूच माझ्या पायांकडे बघितलं. कदाचित बघितलं नसेल, मला तसं वाटलं असेल. त्या क्षणी मला सगळेच माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं.

"तुमचं आडनाव काय?" बाईने मला विचारलं. "दारात सांगितलं नाहीत तुम्ही."

"एर्न्स्ट म्हणतात मला सगळे."

"आडनाव विचारलं मी."

रुएडी हसून मध्ये पडला. "सोडा हो. एर्न्स्ट, आपण मुठीची लाकडं उघडून बघू या का? खालच्या लोखंडावर काहीतरी खूण असेल. हा उजवीकडचा स्क्रू बघ." त्याने भिंग पुढे केलं. "खाचेत एक बारीक चकचकीत रेघ आहे. जुनी. कुणीतरी एकदा उघडलंय."

"नको उघडूस," मी म्हटलं. "लाकूड वाळलेलं असतं, कड उडते. साठ वर्षं न हललेला स्क्रू आहे. मूळ स्थिती बिघडेल."

रुएडीने भिंग खाली केलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "एर्न्स्ट, वीस वर्षांत तू मला एकदाही 'उघडू नको' म्हटलेलं नाहीस. उलट मी घाबरतो आणि तू उघडायला लावतोस. काय चाललंय?"

बाई आता माझ्याकडेच बघत होती. मी उठून जाऊ शकलो असतो. म्हणू शकलो असतो की मला काही सांगता येत नाही, पिस्तूल संशयास्पद आहे, घेऊ नकोस. रुएडीने ऐकलं असतं. बाईने पिस्तूल पोलिसांकडे दिलं असतं आणि वेल्टी मास्तर कायमचे चोर राहिले असते. अशा कामाला फार धैर्य लागत नाही. ते मी त्रेसष्ट सालीही केलं होतं, शस्त्रागाराच्या उपाहारगृहात, पावाचा तुकडा चावत, शेजारच्या टेबलावर त्यांचं नाव निघालं तेव्हा.

"माझं आडनाव किपफर," मी म्हटलं. "गुरुवारी यायचा तो मी."

 मग मी सगळं सांगितलं.

मला आठव्या वर्षी गावाने, तेव्हा गरिबांच्या पोरांचं असंच व्हायचं, एका शेतकऱ्याच्या घरी कामाला लावलं होतं. शाळेच्या वेळी मी गोठ्यात असायचो. विसाव्या वर्षी शस्त्रागारात लागलो तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. पी हे अक्षर मला त्या लोखंडी ठशाचा आकार म्हणून माहीत होतं, काठीला पोट फुटल्यासारखं. कारकून नोंदवहीत नंबर शोधायचा, त्याखाली पट्टी ठेवायचा, मी ठसा मारायचो आणि वहीत पट्टीच्या वर एक उभी रेघ ओढायचो. रेघ म्हणजे मारला. एवढंच माझं काम.

त्या दिवशी कारकून पट्टी ठेवून कॉफी प्यायला गेला. समोर वेल्टी मास्तर. मी हातोडी उचलली तर म्हणाले, थांब. म्हणाले, अठ्ठावन्न वर्षांत यावर एक ओरखडा नाही आणि आता तू याला कपाळावर मारणार. मला वाटलं चेष्टा करतात. मग त्यांनी मला ठसा धरताना बघितलं. मी तो उलटा धरला होता. "तुला वाचता येत नाही," ते म्हणाले. मी इतका घाबरलो की हातोडी बाकावर ठेवली. साहेबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत त्याच गोठ्यात. मास्तरांनी पिस्तूल म्यानात घातलं आणि म्हणाले, "दर गुरुवारी सहाला शाळेत ये. हातोडी आणू नको."

"आणि रेघ?" बाईने विचारलं. तिचा आवाज सपाट होता. "रेघ ओढली असती तर काही प्रश्नच नव्हता."

"रेघ म्हणजे मारला. मी मारला नव्हता. मग कशी ओढू? खोटी नोंद झाली असती."

"आणि पाच वर्षांनी?"

"पाच वर्षांनी मला वाचता येत होतं. बायको होती, महिन्याची मुलगी होती, शस्त्रागाराचं घर होतं. मास्तरांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही."

रुएडीने टेबलावर बोटं वाजवली. "एर्न्स्ट, फारच सोयीचं आहे हे. पिस्तूल अस्सल, ठसा नाही, चोरीही नाही. संग्राहकाला याहून काय पाहिजे? आजवर मला एवढी स्वच्छ गोष्ट कुणी विकलेली नाही. मला हे मिळावं म्हणून रचतोयस का?"

"तुम्ही दोघं गाडीत ठरवून आलात," बाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "बिचारी म्हातारी, वडिलांसाठी रडतेय, तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगू आणि पिस्तूल काखेत मारून निघू. बुटांचं मी आत्ताच बोलले, तेच तुम्ही उचललंत. पुरावा काय तुमच्याकडे?"

"काही नाही."

"म्हातारपणी लोक दुसऱ्याची पापंसुद्धा स्वतःची म्हणून सांगतात. लक्ष वेधायला."

खरं तर मला याहून सोपं वाटलं होतं. इतकी वर्षं गप्प राहिलो ते बोललो की संपेल, असं वाटलं होतं. बोललो, तर कुणाला खरं वाटेना.

"उघडा ते," बाई रुएडीला म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, एकदा उघडलंय. बघू कुणी आणि का."

रुएडीने माझ्याकडे बघितलं. मी या वेळी काही म्हटलं नाही. त्याने हत्यारांच्या पेटीतून अगदी नेमक्या जाडीचा पेचकस निवडला, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला आणि दाताच्या मुळाशी जातो तसा श्वास रोखून फिरवला. स्क्रू अडला, मग किंचित कुरकुरला. खाचेत नवी चकचकीत रेघ पडली. रुएडीच्या तोंडून 'च्च' निघालं. लाकूड सुटलं.

आत घडी घातलेला पिवळा पडलेला कागद होता, नखाएवढा जाड. आमच्याकडे शिपाई आपल्या नावाची चिठ्ठी रायफलच्या दस्त्याच्या पत्र्याखाली ठेवतात, रायफल हरवली तर मालक कळावा म्हणून. पिस्तुलात मात्र मी कधी चिठ्ठी बघितली नव्हती. रुएडीने चिमट्याने ती बाहेर काढली आणि उलगडली.

"पोराने लिहिलंय काहीतरी," तो म्हणाला. अक्षरं वाकडी, कुठे मोठी, कुठे लहान, ओळ उजवीकडे खाली घसरलेली. त्याने मोठ्याने वाचलं. "किपफरने ठसा मारला नाही. मास्तरच नको म्हणाले. तेरा नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठावन्न."

ते माझं पहिलं वाक्य होतं. मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेलं, मी उतरवलेलं. ते हसत होते, मीही हसलो होतो. मला वाटलं होतं तो कागद त्यांनी शेगडीत टाकला; स्क्रूवरची रेघ बघेपर्यंत तसंच वाटत होतं.

बाईने चिठ्ठी घेतली. खोक्यातून शाळेची एक जुनी वही काढली, एक पेन्सिल काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "लिहा."

"काय?"

"तेच."

मी लिहिलं. आता अक्षर बरं झालंय, पण माझी ओळ अजून उजवीकडे घसरते. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फार वेळ बघत राहिली.

"त्रेसष्ट साली साहेब इथे उभा होता तेव्हा हे याच्या आत होतं," ती म्हणाली. "याच टेबलावर. बाबांनी नुसता एक स्क्रू फिरवला असता तर." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्यासाठी नाही फिरवला."

"हो."

"त्यांना माहीत होतं तुम्ही कुठे काम करता. तुम्हालाही माहीत होतं ते कुठे राहतात. सायकलने किती वेळ लागायचा?"

"चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटं," ती म्हणाली. पाव कापून तिने रुएडीच्या बशीत ठेवला. माझ्या बशीत नाही ठेवला. "शुक्रवारी रात्री आठला क्लबचे लोक बेरेनमध्ये बसतात. आता त्यांची मुलं आणि नातवंडं असतात, पण टेबल तेच आहे. तुम्ही याल. आणि जे मला सांगितलंत ते तिथे सांगाल. मी कागद घेऊन येईन."

"येईन," मी म्हटलं.

परतताना रुएडीने आरशात एकदाही बघितलं नाही. मग म्हणाला, "ती विकणार नाही."

"नाही."

"आणि माझ्या हाताने त्या स्क्रूला ओरखडा पडला." थोड्या वेळाने पुन्हा, "पुढच्या महिन्यात बुर्गडोर्फला एक बघायचं होतं. मी दुसऱ्या कुणाला तरी नेईन, एर्न्स्ट. राग मानू नकोस. तुझे डोळे चांगलेच आहेत. पण मला आता तुझ्याकडे पण बघत बसावं लागेल."

मी राग मानला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

शुक्रवारी मी गेलो. नऊ जण होते. आनेलीस श्यूपबाख टोकाच्या खुर्चीवर, जिथे तिचे वडील बसायचे असं नंतर कळलं. तिने पिस्तूल आणलं नव्हतं, फक्त दोन कागद. मी उभा राहून सांगितलं, फार नीट नाही सांगता आलं. मध्येच एकाच्या खुर्चीचा आवाज झाला. माझ्या शेजारच्या माणसाने ती जरा सरकवून घेतली होती, माझ्यापासून लांब. मी बोलत राहिलो.

कागद हातोहात फिरले. लोक ते कडेला धरून बघत होते, बोटांचे ठसे उमटू नयेत असे. शेवटी जुना कागद एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेला. क्लबच्या तेव्हाच्या खजिनदाराचा मुलगा, कुणीतरी म्हणालं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हणजे मास्तर चोर नव्हते," तो म्हणाला.

"नव्हते."

"आणि तू पाच वर्षांनी तोंड उघडलं नाहीस."

"नाही."

"ते वाईट." त्याने चष्मा काढला. "पण मला एक सांग. त्या दिवशी तू वहीत नुसती रेघ ओढली असतीस तर हे काहीच झालं नसतं. कुणाला कळलं असतं? का नाही ओढलीस?"

"मारलाच नव्हता," मी म्हटलं. "मग रेघ कशी ओढू?"

त्याने थोडा विचार केला आणि हळूहळू मान हलवली. त्याच्या शेजारच्याने हलवली. मग टेबलाभोवती एकेकाची मान हलली, अगदी खुर्ची सरकवणाऱ्याचीसुद्धा. त्या संध्याकाळी मी जे जे सांगितलं, त्यातली तेवढीच एक गोष्ट त्यांना न समजावता पटली होती.

आनेलीसने मान हलवली नाही. तिने दोन्ही कागद गोळा केले, जुना आत आणि नवा बाहेर अशी घडी घातली आणि वडिलांच्या खुर्चीवर ताठ बसून राहिली. जाताना तिने मला हात दिला. क्षणभरच, पण दिला.